चार दिवस उन्हात उभा राहिलेला ऊस

आमचे थोरले साडू जगातल्या कुठल्याही गोष्टीला चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. ती किती वेगानं होते आणि उलटी फिरते की नाही, एवढंच ते सांगत. दोष त्यांच्या नोकरीचा होता. केज तालुक्यातल्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात ते केमिस्ट होते, मी त्याच कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट. दिवसभर प्रयोगशाळेत उसाचा रस नळ्यांतून ओतायचा आणि संध्याकाळी घरी येऊन तीच नजर संसारावर लावायची, असा त्यांचा क्रम. दही लागायला वेळ होतो अशी तक्रार त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, एका थंडीत केली, तर यांनी माझा नवा लोकरीचा कोट दह्याच्या पातेल्याला गुंडाळून ठेवला. "ऊब वाढली की क्रियेचा वेग वाढतो, पाव्हणं," मला समजावलं. दही उत्तम लागलं. कोटाला मात्र तो हिवाळाभर ताकाचा वास येत होता. साखर विरघळायला खडा बारीक हवा म्हणून ते पाव्हण्यांसमोर खलबत्ता घेऊन बसत, आणि साखर कुटून होईस्तोवर चहा निवत असे. अक्का म्हणायच्या, "यांना भाजीत मीठ कमी हाय म्हनायला बी अर्धा तास लागतो. आधी मीठ म्हंजे काय ते सांगत्यात."

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली, कुणीतरी घाईनं साबण लावला आणि डाग रक्तासारखा लालभडक झाला. बायका कुजबुजायला लागल्या, माझी मावशी तर रडायच्या बेताला आली. साडू शांतपणे पुढं आले, पंगतीतलं लिंबू उचललं, डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिथं थांबतील तर ते साडू कसले. पुन्हा साबण, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळा. भोवती वऱ्हाडी जमले, आणि भटजी मांडवात नवरदेवाला शोधत फिरत राहिले. "ही उलटी फिरणारी क्रिया," ते म्हणाले. "सगळ्याच अशा नसतात. निसर्ग थोडीच सवलत देतो."

त्यांचं आणि अक्कांचं रोज भांडण व्हायचं आणि रोज मिटायचं. त्यांच्या घरात शांतता दिसली म्हणून मी एकदा कौतुक केलं. मला मांजरसुंब्याच्या फाट्यावर नेऊन त्यांनी सोड्याची बंद बाटली दाखवली. आत वायू पाण्यातून वर येतो आणि तेवढ्याच वेगानं पाण्यात परत जातो, म्हणून वरून बाटली निवांत दिसते. "निवांत म्हंजे थांबलेलं नव्हं. आमचंबी तसंच. जेवढ्या वेगानं भांडतो तेवढ्याच वेगानं मिटवतो." मग त्यांनी झाकण उघडलं. वायू फसफसून उडून गेला. "आता हा परत यायचा न्हाई," म्हणाले आणि उरलेला सोडा मला पाजला.

असा माणूस. त्याच्याबद्दल हसत हसत लिहून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

ते सलग दुसरं कोरडं वर्ष होतं. ऊस कमरेएवढाच वाढलेला. गाळपाचा मुहूर्त ठरला आणि शिरूर कासारकडची बैलगाडीवाल्यांची एक टोळी आधीच येऊन तोडणीला लागली. टोळीचे म्होरके म्हादूबाबा, साठीचे गाडीवान. गव्हाणीत, म्हणजे ऊस चरकाकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकायला एक मोठे पुढारी यायचे होते. ते आज येतो म्हणाले, मग उद्या, मग परवा. तोडलेला ऊस भरलेल्या गाड्यांत चार दिवस गाडीतळावर उन्हात उभा राहिला. ऊस तोडला की त्यातली साखर फुटायला लागते. थंडीत सावकाश, उन्हात भराभर. साडू रोज तिथं जाऊन कांडं मोडून वास घ्यायचे आणि परत येऊन खुर्चीत नुसते बसून राहायचे. चौथ्या दिवशी पुढारी आले, हार झाले, मोळी पडली. टनामागं निघणाऱ्या साखरेचा उतारा इतका खाली आला की सभासद कचेरीत येऊन जाब विचारायला लागले.

चेअरमननी साडूंना बोलावलं. मी कागद घेऊन तिथंच उभा होतो.

"केमिस्टसाहेब, टोळीनं शिळा ऊस आणला असं लिहून द्या."

"ऊस शिळा आला नव्हता. शिळा झाला," साडू म्हणाले. "पहिल्या दिवसाचा नमुना रजिस्टरला हाय."

"आला काय आन् झाला काय, एकच की."

साडूंनी ऊन, वेळ, साखर सगळं समजावून सांगितलं. चेअरमननी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तुमी अजून कायम झाला न्हाईत ना?"

तो अहवाल मी टाइप केला. एकही चूक न करता. साडूंनी सही केली.

टोळीला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. बाकीच्या कारखान्यांनी आपापल्या टोळ्या आधीच भरल्या होत्या, दुसरीकडं काम मिळणार नव्हतं. गाड्या ज्या रस्त्यानं आल्या त्याच रस्त्यानं रिकाम्या गेल्या. बैलांना वाटेत चारा कुठं मिळणार होता, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. महिन्याभरात साडू कायम झाले. अक्कांनी पेढे वाटले. साडू त्या दिवशी उपास आहे म्हणाले, आणि अक्कांनी माझ्याकडं पाहिलं, कारण या माणसानं जन्मात उपास केला नव्हता. पुढं त्यांनी खरा अहवाल लिहून चेअरमनकडं दिला. त्यावर आवक क्रमांक मीच टाकला. तो फायलीत गेला आणि फायलीतच राहिला.

गुढीपाडवा झाल्यावर एक दिवस ते म्हणाले, "पाव्हणं, शिरूरला चला." का ते सांगितलं नाही. म्हादूबाबांचं घर गावाबाहेर होतं. दावण रिकामी. बाबा ओसरीवर दोरी वळत बसले होते.

"सायेब, एवढ्या उनाचं कावून आलात?"

"तुमचा ऊस चांगला होता," साडू उभ्या उभ्याच म्हणाले. "आमी खोटं लिहिलं. सही माझी होती."

बाबांनी दोरी बाजूला ठेवली. "मला ठावं हाय की. म्याच तोडला व्हता."

मग रिकाम्या दावणीकडं हात करून म्हणाले, "बैलं इकली. खायला काय घालनार? घाटाखालच्या एकानं नेली. बरी हायेत म्हनं." आणि उठता उठता, "च्या घेता का? दूध न्हाई."

आम्ही कोरा चहा घेतला. परतीच्या गाडीत मी साडूंची समजूत घालायचा प्रयत्न केला. निदान खरं सांगितलं, मन मोकळं झालं, वगैरे. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फुटलेली साखर पुन्हा जुळत न्हाई, पाव्हणं."

कारखाना पुढं बंद पडला. साडू युसूफ वडगावला, आपल्या गावी राहायला गेले. पण दरवर्षी पाडव्यानंतर ते एकटेच शिरूरला जायचे, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत. म्हादूबाबा वारले त्यानंतरच हे जाणं थांबलं. त्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा धीर करून विचारलं, "बाबांनी तुम्हाला कधी माफ केलं का?"

"मी माफी मागितलीच न्हाई," ते म्हणाले.

"मग दिवसभर दोघं करत काय होता?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं उगीच पुसत राहिले. "ते बैलांचं सांगायचे. कुठल्या बाजारात घेतले, कोण कुठल्या अंगाला वढायचा, कुणाला चिखलाची भीती होती. मी ऐकायचो." मग म्हणाले, "लई चांगली जोड होती, पाव्हणं."