अक्काचं पहिलं साकु

अक्काला, म्हणजे माझ्या आईला, "दुखतंय" हे कबूल करायला लावणं कोर्टातल्या कुठल्याही साक्षीदारापेक्षा अवघड होतं. मी वकील असूनही कधी जमलं नाही. तिचे भाऊ तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणत आलो.

आमच्या कानडी मुलखातल्या शहरात, लॅमिंग्टन रोडवरच्या मुलींच्या शाळेत तिनं तीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात खुर्ची असायची, पण तिच्यावर बसायचे ते डस्टर आणि खडू. अक्का उभीच. त्या उभं राहण्याची किंमत गुडघ्यांनी मोजली, आणि दोन हजार सालानंतर कधीतरी तिचा उजवा गुडघा बदलावा लागला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पंचाईत पुढं होती. वेदनेच्या गोळ्यांनी पूर्वी एकदा तिच्या पोटात रक्तस्राव झालेला, त्यामुळं डॉक्टर जोरदार गोळ्या द्यायला तयार नव्हते. हलक्या गोळ्यांवर भागत नव्हतं, आणि दुखतं म्हणून ती गुडघा वाकवत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत गुडघा काटकोनात आला नाही तर पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागेल. अक्कानं तितकंच स्पष्ट सांगितलं, "परत भूल नको. त्यापेक्षा जन्मभर ताठ पायानं बसेन." आणि ती बोलली की बोलली.

म्हणून नवनगरच्या आमच्या घरी रोज दहा वाजता एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिच्या पिशवीत जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र असायचं. त्याच्या वायरींना चार चिकट पट्ट्या. जखम सोडून गुडघ्याच्या वर-खाली त्या लावायच्या, बटण फिरवायचं, की कातडीला मुंग्या येतात. औषध नाही, सुई नाही. "दिवाळीच्या तोंडावर दाजीबानपेठेत कशी गर्दी होते?" तिनं कानडीत समजावलं. "मागचा माणूस पुढं सरकत नाही. मुंग्यांची तशीच गर्दी करायची. दुखण्याचा निरोप मागं अडकतो."

ऐकायला छान होतं. तीन दिवस झाले, गुडघा साठ अंशांवर ठाण मांडून बसला. चौथ्या दिवशी माझा पारा चढला. मी त्या मुलीला सरळ म्हणाले, "हे खेळणं उद्यापासून आणू नका." तिचा चेहरा एवढासा झाला. अक्का माझ्यावरच उखडली, "घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात होय ग?"

शरमून मी कोर्टात जायची थांबले आणि शेजारी बसले. मुलीनं पट्ट्या लावल्या, बटणाला हात घातला, म्हणाली, "साकु अनसिदाग हेळ्री, अम्मा." पुरेसं वाटलं की सांगा. बटण जेमतेम हललं असेल-नसेल, तोच अक्का म्हणाली, "साकु, साकु!" आणि तिनं हात आडवा धरला.

तो हात मी ओळखला. अख्खा जन्म तो हात ताटावर आडवा झालेला पाहिला होता. आमच्याकडं पंगतीत पहिल्या साकुला कोणी विचारत नाही. पहिलं साकु रीत म्हणून, दुसरं संकोच म्हणून. तिसऱ्यांदा माणूस ताटावर ओणवा झाला, की ते खरं. पहिल्या खेपेला "हो, घाला" म्हणणारा हावरा, आणि पहिल्या साकुला पळी मागं घेणारा कंजूष.

मी उलटतपासणीला उभी राहिले.

"अक्का, मुंग्या आल्या?"

"आल्या की जराशा."

"सोसवत नव्हत्या?"

"सोसायचं काय त्यात? कळतसुद्धा नव्हत्या नीट."

"मग साकु का म्हणालीस?"

"अग, पहिल्यांदाच कसं हो म्हणायचं? परत विचारेल म्हटलं. चार दिवस झाले, ही पोरगी एकदा म्हणून आग्रह करत नाही! तिथंच थांबते!"

त्या मुलीनं कपाळावर हात मारला आणि मग आम्ही तिघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, चूक तिचीही आहे. तिच्या आजीनंही असंच केलं असतं, आणि आजीला तिनं नक्की तीनदा विचारलं असतं.

तिनं पुन्हा सुरुवात केली. अक्काचं पहिलं साकु सोडलं, दुसरं सोडलं. तिसऱ्याला अक्काची पोटरी टणकन उडाली आणि तिनं बटणाकडं झेप घेतली. मुलीनं ते जरासं मागं आणलं. जोर हवा, पण सोसवेल असा. थोड्या वेळानं मी विचारलं, "दुखतंय?"

"आहे. पण शेजारच्या घरी जाऊन बसलंय."

माझ्या आयुष्यात तिनं दुखण्याबद्दल दिलेली ही पहिली खरी साक्ष.

त्यानंतरचे दिवस काही जादूचे नव्हते. यंत्रानं दुखणं घालवलं नाही, फक्त हलवायला जागा करून दिली. उरलेलं सगळं अक्कानं केलं. गादीवर टाच घासत ती पाय मागं ओढायची, ओठ चावायची, घामानं पोलक्याची पाठ भिजायची. पासष्ट. बहात्तर. एक दिवस पुन्हा सत्तर. मग ऐंशी. साठी उलटलेली बाई एकेक अंश ओढून आणत होती, आणि माझी छाती अशी फुगली होती की अशिलांनाही मी आधी गुडघ्याचा आकडा सांगायची आणि मग त्यांचं ऐकायची.

डॉक्टरांकडं जायच्या आदल्या सकाळी तिनं टाच ओढली, ओढली, आणि धरून ठेवली. मुलीनं गुडघ्याला मोठा कोनमापक लावला आणि मला खुणेनं बोलावलं. मी वाकले. रेघा दिसेनात. डोळे भरून आले होते.

"रडतीस काय?" अक्का धापा टाकत म्हणाली. "पाय किती वेळ धरू? कोन वाच."

"ब्याण्णव," मी पुटपुटले.

"मोठ्यानं."

मी वाचला. शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.