चौसष्ट चिंचोके

मुकुंद सर ऑफिसात कुणावर ओरडत नसत. ते पँट्रीत यायचे, माझ्यापुढं छापलेला कागद ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, ताट काढ." एवढं ऐकलं की हॉलमधला कीबोर्डांचा आवाज थांबायचा.

शहरातल्या हिमायतनगर भागातल्या त्या ऑफिसात दवाखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहीत. मी चहा करायचे, टेबलं पुसायचे. सर चिक्कडपल्लीच्या जुन्या मराठी घराण्यातले, आम्ही नांदेडकडचे. पहिल्या दिवशी त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग शिक्षण. चौथी म्हटल्यावर म्हणाले, "बास झालं. याहून जास्त लागत नाही."

मोजायचं कसं ते त्यांनीच शिकवलं. प्रोग्रामच्या एका तुकड्याला मेथड म्हणतात. "मेथड म्हणजे रस्ता समज. जिथं लिहिलंय की असं असेल तर इकडं जा, नाहीतर तिकडं, तिथं रस्ता फुटतो. तिथं एक चिंचोका टाक. आणि पहिला चिंचोका आधीच टाकायचा, मूळ रस्त्याचा." रस्ता फोडणारे चार-पाच इंग्रजी शब्द त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून दिले. ते तेवढे मी ओळखायचे. बाकी कागदावर काय होतं ते मला कधी कळलं नाही.

ताट स्टीलचं होतं. चिंचोका पडला की टण् वाजायचं. दहाच्या आत थांबलं तर सर कागद घेऊन निघून जायचे. अकरावा वाजला की ज्याचा कागद असेल तो मान खाली घालायचा. मग सर हॉलच्या मध्ये उभे राहायचे. "क्या मियाँ, तुझ्या या मेथडमध्ये मी आत शिरलो तर बाहेर येईन की नाही कुणाला ठाऊक. आधी माझ्या घरी निरोप देऊन ये." सगळ्यांना हसावं लागायचं. कुणी तक्रार केली की माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "ही चौथी पास आहे. हिची बोटं दुखली तुझं मोजून."

त्यांचं सांगणं मात्र खोटं नसायचं. एका मेथडनं एकच काम करावं, असं ते म्हणायचे. "ज्या तुकड्याला नाव सुचत नाही तो दोन कामं करतोय. फोड त्याला." मुलं रडत-कुढत फोडायची आणि पुढच्या वेळी ताट खरंच कमी वाजायचं. मला त्याचा अभिमान वाटे. कॉम्प्युटर हे सगळं क्षणात मोजून देतो हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी समजत होते की सरांचं माझ्यावाचून अडतं.

पद्मा वरंगलची. दोन धाकट्या बहिणींचं शिक्षण तिच्या पगारावर चाललेलं. ऑफिसात मला खुर्ची देणारी ती एकटीच. तिच्याकडं सगळ्यांत जुनी मेथड होती, कोणत्या औषधाबरोबर कोणतं औषध द्यायचं नाही ते ठरवणारी. लहान मूल असेल तर वेगळं, पोटुशी बाई असेल तर वेगळं, किडनी खराब असेल तर आणखी वेगळं. ती सरांनीच तरुणपणी लिहिलेली होती आणि तिला हात लावायला सगळे घाबरायचे. पद्मा ती फोडून लहान लहान तुकडे करत होती. एकदा चहा घेताना तिनं मला पानं दाखवली. "अक्का, ये पुराना है. ये सब छोटे छोटे नये हैं. नया और पुराना एकसरखा जवाब दिये तो पुराने कू निकाल देती मैं. तब तक दोनों रहना, नहीं तो कोई पेशंट मरता."

त्याच सुमारास आमची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली आणि फेररचना सुरू झाली. प्रत्येक गटातून एक माणूस कमी करायचा होता. सर पँट्रीत आले. एरवी ते एका वेळी एक मेथड द्यायचे. त्या दिवशी पद्माची जुनी आणि नवी सगळी पानं एकत्र टाचलेली होती.

"बाई, ताट काढ."

मी पानं ओळखली. सांगावंसं वाटलं, पण मी पहिला चिंचोका टाकला. मी टाकत गेले. टण्, टण्. हॉलमध्ये पद्मा उभी राहिली होती. चौसष्ट झाले.

"चौसष्ट," सर हॉलमध्ये जाऊन म्हणाले. "दहा सांगितले होते ना गं?"

"सर, वो आधा तो पुराना..."

"पुराना, नया, नाव तुझंच आहे ना वर?"

गटातून तिचंच नाव कमी झालं. संध्याकाळी ती तिचा पाण्याचा तांब्या घ्यायला पँट्रीत आली. तांब्या पिशवीत टाकून निघून गेली. मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना मी सरांना म्हणाले, "पद्माचं निम्मं जुनं होतं. ती ते काढणार होती."

"माहीत आहे मला."

"मग?"

"तुला मोजायला ठेवलंय," सर कपातून वर न बघता म्हणाले. "साखर कमी टाकत जा."

ती मेथड अर्धी फोडलेली तशीच राहिली. कुणी घेईना, म्हणून शेवटी सरांच्याच नावावर आली.

वर्षभरानं नव्या साहेबांनी पुन्हा माणसं कमी करायची ठरवली. दुपारी चहाच्या वेळेला सर पँट्रीत आले. दाढी वाढली होती. "माझ्या नावावर वरून आकडा आलाय. मशीनचं काहीतरी चुकलं असेल. तू मोज."

कागद तेच होते. मी ताट काढलं. मूळ रस्त्याचा चिंचोका टाकला आणि सुरू केलं. अर्ध्यावर सर म्हणाले, "बाई, यातलं निम्मं तर जुनं..." त्यांची नजर माझ्या हातावर होती. मी जुनी पानं बाजूला ठेवली असती तर ताट एवढं वाजलं नसतं. मला ती पानं पाठ होती.

मी एकही कमी टाकला नाही. प्रत्येक चिंचोका जरा वरूनच टाकला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"चौसष्ट," मी म्हणाले.

सरांनी पानं सारखी केली. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या कामाला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"बरोबर मोजलंस," ते म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.