पाय हलवायचा नाही

बाळंतपणानंतर माझं हृदय थकलं. पुण्याच्या डॉक्टरांनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक पंप वर सरकवला आणि थेट हृदयात नेऊन बसवला. चार दिवसांचा पाहुणा म्हणून आलेला तो पंप मुक्कामालाच राहिला, कारण हृदय काही सावरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा जितका जास्त राहील तितका त्रास देणार. रक्तपेशी फुटतात, रक्त पातळ करायच्या औषधानं हिरड्यांतून रक्त येतं, नळी घातलेल्या पायाला रक्त कमी पडतं. माझी लघवी कोऱ्या चहासारखी झालीच होती. मला एकच हुकूम होता, उजवा पाय हलवायचा नाही. बाळ माहेरी, कडा गावी माझ्या आईजवळ होतं. त्याच्याकडे मी स्वतःच्या दोन्ही पायांनी चालत जाणार, हे मी ठरवून टाकलं होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या गावच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष. दुष्काळात छावणीवर चारा कमी आला की त्यांच्यापुढे ट्रकवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांची बोबडी वळायची. छावणीतली गुरं शेजारणीवर सोपवून त्या आल्या, आणि आल्या आल्या माझे पाय चेपायला लागल्या. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय! मी झटकन पाय ओढून घेतला.

यंत्र बोंबलायला लागलं. पंप जागचा हलला होता. डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत तो पुन्हा जागेवर आणला. सिस्टरनं आम्हा दोघींना असं झापलं की आत्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला माझाच संताप आला. जीव टांगणीला लागलाय आणि मला रीतभात सुचतेय!

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी दात घट्ट आवळून तयार होते.

"आत्या, धरा पाय. आता न्हाई हलवत."

त्या पायथ्याशी गेल्या. मी छताकडे बघत राहिले.

"धरा ना."

"धरलाय की मगापासून. लई गार हाय गं."

मी मान उचलून पाहिलं. माझा पाय त्यांच्या दोन्ही हातांत होता, आणि मला तो स्पर्श कळतच नव्हता. सकाळी तपासला तेव्हा तो ठीक होता. मी सिस्टरला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, पंप ठेवला तर पाय जाईल. काढला तर हृदयाला एकट्यानं ओढावं लागेल, आणि ते ओढेलच असं नाही. मी म्हणाले, "काढा."

"ती म्हणती तसं करा," आत्या म्हणाल्या.

पंप काढला, पायाची रक्तवाहिनी मोकळी केली. हृदय अडखळत का होईना, चालत राहिलं. पाय मात्र लाकडासारखा पडून होता. मी दिवसभर बोटांकडे बघून त्यांना हलायला सांगायची. ती ऐकायची नाहीत, मी पुन्हा सुरू करायची. आत्या रोज येऊन विचारायच्या, "कळतंय का?" मी नाही म्हणायची.

एका दुपारी त्यांनी विचारलंच नाही. अंगठ्याला असा चिमटा काढला की मी किंचाळले, "आत्या, जीव घेता का माझा!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. आत्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि अंगठा त्यांनी सोडलाच नव्हता.

"अजून वरड," त्या म्हणाल्या. "लई बरं वाटतंय."