ज्याने पाडले त्यानेच उभे करायचे

मंडळी, इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. दादाला, म्हणजे माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या थोरल्या भावाला, आत नेलंय. खुब्याचं हाड मोडलंय.

दुपारी नातू रोहन आम्हा दोघांना बोलिंग खेळायला घेऊन गेला. वाटेत सांगत होता, "आजी, याचे किती प्रकार आहेत! कुठे गोळा घरंगळवून नऊ लाकडी बाटल्या पाडतात, इथे दहा, कुठे हिरवळीवर नुसते गोळेच."

मी दादाला म्हटलं, "म्हणजे आपलाच खेळ की रे!"

लहानपणी निर्मळ गावी आमच्या केळी-नारळाच्या वाडीत आम्ही केळीच्या खुंटाचे तुकडे उभे करून त्यांवर सुका नारळ घरंगळत सोडायचो. नियम एकच, ज्याने पाडले त्यानेच जाऊन उभे करायचे.

दादाने दोन्ही हातांनी गोळा सोडला. सात बाटल्या आडव्या! "बघ बायो, नेम अजून शाबूत आहे," म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर तो बाटल्या उभ्या करायला निघालासुद्धा. गोळा ज्या लाकडी पट्टीवरून घरंगळतो, तिला तेल लावलेलं असतं. "आजोबा, ते मशीन करतं!" असं रोहन ओरडेपर्यंत दादा कोसळला होता.

स्ट्रेचरवर माझा हात धरून विचारत होता, "उभ्या केल्या का गं कुणी?"

पुन्हा चालेल याची डॉक्टरांना खात्री नाही. रोज वाडीला पाणी लावणारा माणूस तो.

तुम्ही घरच्या म्हाताऱ्यांना नव्या जागी नेता, तेव्हा तिथे काय वेगळं आहे ते आधी सांगता का? मी आपल्या खेळासारखं काय आहे तेवढंच सांगितलं.