मुलगाच सांगणारे मामा

सोलापुरात कुठल्याही बाईला दिवस गेले की ते आधी तिला कळे, मग माझ्या धाकट्या मामांना, आणि नवऱ्याला सर्वांत शेवटी. तोवर सगळ्या पेठेत बभ्रा झालेला असे. मामा गिरणीत टाइमकीपर होते. कामगार आत कधी आला, बाहेर कधी गेला हे पाहण्याची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की पोटातल्या मुलानं बाहेर कधी यायचं हेही आपणच ठरवायचं असतं असं त्यांना वाटे. "अष्टमीला, दुपारच्या भोंग्याच्या आत," असं ते बजावून सांगत. पोर उशिरा आलं, तर खाडा करून आलेल्या कामगाराकडे बघावं तसे त्या पाळण्याकडे बघत.

मुलगा की मुलगी हे ओळखण्याचं त्यांचं शास्त्र तर अफाटच. बाईनं उंबऱ्याबाहेर उजवा पाय आधी टाकला तर मुलगा. डावा टाकला तर, "उजवा राखून ठेवलाय की तिनं! मुलगाच." चिंचेचे डोहाळे लागले तरी मुलगा, शेंगाचटणीचे लागले तरी मुलगा, आणि कसलेच लागले नाहीत तर तो मुलगा लई समंजस निघणार. एका तेलुगू विणकराच्या सुनेला त्यांनी असाच मुलगा सांगितला, आणि झाल्या जुळ्या मुली. तिची सासू तेलुगूत काय काय बोलली ते मामांना समजलं नाही, पण तिच्या हातातला मागाचा धोटा समजला. पुढे कितीतरी दिवस मामा गिरणीत लांबच्या वाटेनं जात.

आमच्या घरी मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मला दोन मुली होत्या. बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आईनं निक्षून सांगितलं, "या खेपंला पोरगी झाली तर तुझं दुसरं लगीन लावणार. सांगोल्याची पोर बगून ठेवलीया." बायकोच्या घशाखाली घास उतरेना. मग मामा आले. त्यांनी तिला उंबऱ्यातून ये-जा करायला लावली आणि म्हणाले, "अक्का, अक्षय तृतीयेपासनं धर. माघ शुद्ध द्वादशी. आन् मुलगाच!" त्या दिवसापासून बायकोच्या ताटात तूप पडू लागलं. पाण्याच्या घागरीसुद्धा आई स्वतः आणू लागली.

कळा सुरू झाल्या त्या पौषात, गड्ड्याची जत्रा भरली असताना. महिनाभर आधी! आठव्यातलं मूल हाती लागत नाही या समजुतीनं आईनं देव पाण्यात घातले. मामा ओट्यावर बसून बोटांच्या पेरांवर महिने मोजत होते, घामानं नुसते निथळत होते. एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं अक्का, औंदा श्रावण दोन झाले की! अधिकात शुभकार्य करत न्हाईत म्हणून म्या तो महिना मोजलाच न्हाई. पुऱ्या दिवसांचं हाय लेकरू!" तेवढ्यात आतून खणखणीत रडणं ऐकू आलं, आणि सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं, मुलगी झाली.

मग आईच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! "मुडद्या, अधिकाचं वाण म्हणून सासुरवाडीला बसून अनारसे हादडलेस, आन् महिनाच इसरलास?" मामा मान खाली घालून म्हणत होते, "व्हय अक्का. अधिकानं माजा समदा हिशेब उलटा केला. त्यात सुनेचा काय दोष?" संध्याकाळपर्यंत आईचा घसा बसला. सुनेला बोलायला आवाजच उरला नाही. शिवाय उठता उठता मामांनी पुढच्या खेपेचा मुलगा जाहीर करून टाकला, त्यामुळे माझं लग्न लांबणीवर पडलं. मुलगा पुढेही झाला नाही, पण तोवर धाकट्या नातीनं आजीला पुरतं गुंडाळून टाकलं होतं, आणि सांगोल्याच्या पोरीचंही दुसरीकडे जमलं.

त्या संध्याकाळी मी मामांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "मामा, तुम्हाला यातलं खरंच काही कळतं का हो?"

"मला रे काय कळतंय?" मामा म्हणाले. "पर मुलगी हाय म्हटलं असतं, तर तुज्या आईनं तिला तूप वाढलं असतं का? शिव्यांचं काय, आपल्याला पचतात."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती मुलगी कुर्डुवाडीला नांदते, आणि तिला दिवस गेले आहेत. सासू भारी कडक आहे म्हणतात. मामांची फार आठवण येऊ लागली, तेव्हा परवा सकाळच्या गाडीनं जाऊन विहीणबाईंना छातीठोकपणे मुलगा सांगून आलो. जेवताना त्यांनी माझ्याआधी लेकीपुढे दुधाची वाटी ठेवली, आणि मला अगदी भरून आलं.