हळू, बाबा झोपलेत

माझी मुलगी दुसरीत गेली तरी 'र'ला 'ल' म्हणायची. शेजारणी म्हणायच्या, "वेखंड चाटवा, जीभ सुटेल." तेही करून झालं. शेवटी मीच एक खेळ काढला. टोपलीतली भाजी उचलायची, नावातला 'र' नीट म्हटला की ती भाजी तिच्या दुकानात जमा. गाजर, कोथिंबीर, रताळं.

पण पिंपरीतली आमची एकच खोली, आणि यांना कंपनीत सारखी रात्रपाळी. हे दिवसा झोपत. शिट्टी नको म्हणून मी भातसुद्धा कुकरऐवजी पातेल्यात शिजवायचे. मग खेळही कुजबुजतच. तिचा आवाज जरा चढला की मी डोळे वटारायचे, "हळू, बाबा झोपलेत!"

कुजबुजता कुजबुजता तिचा 'र' स्वच्छ झाला. तरी शाळेत कविता म्हणायच्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी उभी होते. ती उठली आणि कुजबुजली. बाई म्हणाल्या, "मोठ्याने म्हण." तिने आवाज काढला, तर पुन्हा 'ल'. वर्ग फिदीफिदी हसला. एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

घरी आल्याआल्या मी टोपली तिच्यापुढे आदळली. "गाजर म्हण. ओरडून म्हण!"

ती अंथरुणाकडे बघत राहिली. तेवढ्यात चादरीखालून यांचा आवाज आला, "म्हण गं खुशाल. मी रोज जागाच असतो."