हिरव्या ठिपक्यांची प्लेट

इंदुबाई आमच्या कात्रजच्या लॅबमध्ये बावीस वर्षं प्लेटा धुतायत. जंतू वाढवायच्या या प्लेटा अजून काचेच्याच, कारण मालकांचा हात आखडता. घाण प्लेटांचं टेबल वेगळं, धुतलेल्यांचं वेगळं, आणि मधे इंदुबाई. मला, शिकल्यासवरल्या नीरजा मॅडमला, त्यांनी दोनदा हाकललंय. "त्या हातानं इकडं येऊ नका." बाई वर्ध्याची, पण फटकळपणा अगदी सदाशिव पेठेतला!

घरी त्यांची सून नम्रता कॉलेजच्या मुलींची मेस चालवते. मुलाची, संतोषची, कंपनी बंद पडल्यापासून घर त्या मेसवरच चालतं. त्या शुक्रवारी मेसमधली शेफाली जुलाबांनी इतकी गळाली की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिचा नमुना आमच्याकडेच आला. इंदुबाईंनी नाव वाचलं, पण मला काही बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, कॉलरा आहे का? त्या तपासणीच्या प्लेटवर कॉलऱ्याचे जंतू पिवळे ठिपके होऊन उगवतात. शनिवारी सकाळी पाहिलं तर ठिपके हिरवे. पिवळं नाही, विषय संपला. "कॉलरा आढळला नाही" असं टाइप केलं, रिपोर्ट पाठवला आणि प्लेट टाकाऊ डब्यात सरकवली. मला चहाची घाई होती, खोटं कशाला बोलू?

तासाभराने इंदुबाई तीच प्लेट घेऊन पुढ्यात उभ्या. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, हे हिरवं काय आहे?"

"कॉलरा नाहीये. टाका."

"कॉलरा नाही. पण काहीतरी आहे ना?"

आधी मला रागच आला. मग एक गोष्ट आठवली. कॉलऱ्याच्या जंतूला चुलतभाऊ आहेत, तेही व्हिब्रिओ कुळातलेच. समुद्राच्या मासळीबरोबर येतात, माणसाला आडवं करतात आणि या प्लेटवर बरेचदा हिरवे दिसतात. हे मी कॉलेजात शिकले होते. खात्री करायला आणखी एक दिवस लागणार होता.

"या मुलीनं खाल्लं तरी काय होतं?" मी पुटपुटले.

"झिंगे. आमच्या मेसमध्ये." प्लेट खाली ठेवत इंदुबाई म्हणाल्या. "गुरुवारी नळाला पाणी नव्हतं. कच्चे झिंगे ज्या परातीत ठेवले, शिजल्यावर त्याच परातीत काढले सुनेनं. मीच शिकवलंय तिला, पाणी नसलं की भांडं वाचवायचं. इथं तुमच्यावर ओरडते, आणि घरी हे!"

त्यांनी फोन लावला. नम्रताचा आवाज मलाही ऐकू येत होता. पोरगी खुशीत होती.

"अहो आई, दवाखान्यातून रिपोर्ट कळला! कॉलरा नाही. यांनी मेसच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. कालपासून एक मुलगी फिरकली नव्हती, आज बाकीच्या बाराही येतायत. उरलेले झिंगे करतेय."

"करू नकोस. मेस बंद ठेव."

"बंद? रिपोर्ट चांगला आलाय तर बंद का म्हणून? आई, आज बंद ठेवली तर मुली परत येतील का? लॅबवाले काय खोटं लिहितात?"

इंदुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या ओल्या हातातून फोन घेतला.

"नम्रता, तो रिपोर्ट मी लिहिलाय," मी म्हणाले. "अर्धाच लिहिलाय."